आज नकाशा पिवळा आहे

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणींच्या लेकी-बहिणी अमेरिकेत आहेत हे मी विचारत नाही. आजकाल प्रत्येक आळीत तशी चार घरं निघतातच. पण अमेरिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं न्यूयॉर्कच्या उंच इमारती येतात, नाहीतर कॅलिफोर्नियाचा समुद्र. या दोन टोकांच्या मधोमध, पार वर कॅनडाच्या हद्दीला टेकलेला जो सपाट मुलूख आहे, तो कुणाच्या ध्यानीमनी नसतो. उत्तर डकोटा, दक्षिण डकोटा, खाली नेब्रास्का आणि शेजारी मिनेसोटाची पश्चिम बाजू. या सगळ्याला तिकडे उत्तरेची मैदानं म्हणतात. माझी धाकटी बहीण तिथं फार्गो नावाच्या शहरात राहते. २०२४ च्या उन्हाळ्यात तिच्या बाळंतपणाला मी गेले होते. खरं तर जायची आई, पण तिच्या गुडघ्यांनी नकार दिला. मग मी शाळेतून (मी अर्धवेळ शिकवते) बिनपगारी रजा घेतली, घर सासूबाईंवर सोपवलं, डिंकाचे लाडू आणि जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी बॅगेत भरली आणि मे अखेरीला निघाले.

जाताना सगळ्यांनी मला थंडीची भीती घातली होती. फार्गोचा हिवाळा भयंकर असतो हे खरंच आहे. पण उन्हाळ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता. म्हणून आज त्याबद्दलच लिहिते आहे.

आधी गाव डोळ्यांपुढं आणा. फार्गोइतकी सपाट जागा मी जन्मात पाहिली नव्हती. हजारो वर्षांपूर्वी हिमयुगातलं बर्फ वितळून इथं एक प्रचंड तळं झालं होतं. अभ्यासकांनी त्याला अगॅसीझ असं नाव दिलं आहे. तळं आटलं आणि गाळाचा तळ उघडा पडला, तोच हा प्रदेश. जमीन काळीभोर, आपल्या विदर्भातल्यासारखी. गहू, मका, सोयाबीन, साखरेचं बीट आणि सूर्यफुलं. गावाच्या कडेनं रेड नदी वाहते आणि गंमत म्हणजे ती उत्तरेकडं, कॅनडात जाते. पलीकडच्या काठावर मूरहेड गाव आहे, ते मिनेसोटा राज्यात. पूल ओलांडला की राज्य बदलतं. जूनमध्ये सूर्य रात्री साडेनऊच्या सुमाराला मावळतो. बाळंतिणीला रात्रीचं जेवण उन्हात वाढायचं, याची मला शेवटपर्यंत सवय झाली नाही.

आणि आभाळ! डोंगर नाही, टेकडी नाही, दाट झाडी नाही. चारी बाजूंनी जमिनीला टेकलेलं आभाळ. शंभर किलोमीटरवर ढग उठला तरी घरच्या खिडकीतून दिसतो. पहिल्या आठवड्यात मी त्या आभाळाच्या प्रेमातच पडले होते.

आपल्याकडच्या वळवाचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे. दुपारी काहिली होते, पान हलत नाही, चारच्या सुमाराला पश्चिमेला काळं येतं, धूळ उडते, दोन-चार गारा पडतात आणि तासाभरात सगळं थंडगार. मूळ कृती तिकडेही तीच आहे. फरक पडतो तो सामानाच्या मापात. दक्षिणेला मेक्सिकोचं आखात आहे. तिथली दमट हवा सपाट मैदानावरून थेट वर कॅनडापर्यंत सरकत जाते, वाटेत तिला अडवायला काहीच नाही. नैऋत्येकडच्या उंच, कोरड्या पठारांवरून तापलेली हवा येते आणि या दमट हवेच्या वर पसरते. त्याही वर, पार उंचावर, पश्चिमेकडून धावणारे वारे असतात. मे महिन्यात या वाऱ्यांचा मुख्य झोत खाली ओक्लाहोमा-टेक्सासकडे असतो. जून-जुलैत तो उत्तरेला सरकतो आणि मग डकोटाची पाळी येते.

यातला मधला कोरडा थर मला फार नवलाचा वाटला. तो कुकरच्या झाकणासारखं काम करतो. खाली जमीन तापते, वाफ वाढते, पण झाकण तिला वर जाऊ देत नाही. दिवसभर आभाळ निळंशार असतं. तुम्हाला वाटतं, आज काही नाही. आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला एखाद्या जागी झाकण उचकटलं की अर्ध्या तासात ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो. कधी कधी झाकण अजिबात उघडत नाही आणि दिवस कोरडा निघून जातो. हवामानवाल्यांची सगळी पंचाईत असते ती इथं. जुलैत यात मक्याची भर पडते. मैलोन्‌मैल पसरलेला मका पानांतून इतकं पाणी हवेत सोडतो की तिकडचे लोक ‘मका घामाघूम झालाय’ असं म्हणतात. त्या दिवसांत दुपारी बाहेर पडलं की मला थेट मुंबईच्या लोकलची आठवण यायची!

आणखी एक. आपला वळीव बहुतेक दुपारचा-संध्याकाळचा. तिकडची मोठी वादळं रात्रीची. पश्चिमेला, मोंटानाच्या आणि काळ्या टेकड्यांच्या बाजूला दुपारी उठतात, एकमेकांत मिसळतात आणि अंधार पडल्यावर दक्षिणेकडून येणाऱ्या खालच्या वाऱ्याचं बळ घेऊन पूर्वेला निघतात. फार्गोला पोचेपर्यंत रात्रीचे अकरा-बारा वाजलेले असतात. म्हणजे नेमकं लहान मूल नुकतं झोपलेलं असतं तेव्हा.

आता त्या नकाशाबद्दल सांगते.

माझे मेहुणे तिथं विद्यापीठात आहेत. सकाळी चहा घेताना ते फोनवर अमेरिकेचा एक नकाशा उघडायचे आणि बहिणीला म्हणायचे, ‘आज आपण पिवळ्यात आहोत.’ पहिल्यांदा मला वाटलं, काही बागेचं वगैरे असेल. हा नकाशा ओक्लाहोमातल्या नॉर्मन या गावी असलेल्या सरकारी केंद्रातून निघतो. साऱ्या देशात आज कुठं आणि किती जोराची गडगडाटी वादळं होऊ शकतील याचा अंदाज ते दिवसातून पाच वेळा काढतात. शिवाय उद्याचा, परवाचा आणि पुढं आठव्या दिवसापर्यंतचाही. फिकट हिरवा म्हणजे नुसता गडगडाट. त्यानंतर गडद हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल आणि शेवटी जांभळट गुलाबी, अशा पाच पायऱ्या. ही पाच पायऱ्यांची पद्धत २०१४ पासूनची. शेवटची पायरी फार क्वचित येते.

वादळाला ‘तीव्र’ केव्हा म्हणायचं याचंही माप ठरलेलं आहे. गार एक इंच व्यासाची किंवा मोठी हवी, किंवा वारा ताशी सुमारे ९३ किलोमीटरचा, किंवा टोर्नेडो. टोर्नेडोला मी मराठी शब्द शोधत होते. चक्रीवादळ म्हणावं तर ते समुद्रावरचं, शेकडो किलोमीटर पसरलेलं. वावटळ म्हणावं तर ती अंगणातली पानं फिरवणारी. तेव्हा टोर्नेडोच राहू द्या.

पण नकाशाखाली जे आकडे असतात त्यांनी मी बुचकळ्यात पडले. टोर्नेडोची शक्यता पाच टक्के! एवढीच? शाळेत शंभरात पाच मिळाले तर आपण मुलाचं काय करतो? मेहुण्यांनी समजावलं. हे पाच टक्के म्हणजे तुम्ही उभे आहात त्या जागेपासून पंचवीस मैलांच्या, म्हणजे चाळीस किलोमीटरच्या आत टोर्नेडो होण्याची शक्यता. एरवीच्या दिवशी ती एक टक्काही नसते. म्हणून पाच आले की पिवळा रंग, दहा आले की नारिंगी. ते ऐकल्यावर मला तो नकाशा घरकामासारखा वाटायला लागला. पिवळा दिवस असला की कपडे बाहेर वाळत घालायचे नाहीत, गाडी छपराखाली लावायची, फोन पूर्ण चार्ज करायचा. नारिंगी असला की संध्याकाळचा स्वयंपाक लवकर उरकायचा, बाळाची बॅग दाराशी ठेवायची आणि रात्री कुणी तरी एकानं जागं राहायचं.

दुपारी मग दुसरी पायरी येते. वादळाला अनुकूल हवा जमली की काही तासांसाठी बऱ्याच जिल्ह्यांना मिळून ‘लक्ष ठेवा’ अशी सूचना निघते. आणि प्रत्यक्ष वादळ रडारवर किंवा डोळ्यांनी दिसलं की जवळच्या कचेरीकडून ‘इशारा’ निघतो, तो थोड्या भागापुरता आणि तासाभराच्या आतला. नव्यानं गेलेल्या बायकांचा या दोन्हींत घोळ होतो. मी बहिणीच्या मैत्रिणींना स्वयंपाकघरातलं उदाहरण द्यायची. पहिली सूचना म्हणजे दूध गॅसवर ठेवलंय, ओट्यापासून हलू नका. इशारा म्हणजे दूध वर आलं, धावा! टोर्नेडोचा इशारा मिळाल्यापासून साधारण दहा मिनिटं हाताशी असतात. कधी पंधरा, कधी काहीच नाही.

गावात जागोजागी खांबांवर भोंगे आहेत. महिन्यातून एकदा दुपारी ते तपासणीसाठी वाजवतात. पहिल्या वेळी मी बाळाचे लंगोट धूत होते; तो आवाज ऐकून काळजात धस्स झालं. पण तिकडच्या जाणत्या माणसांनी एक सांगितलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. भोंगा हा घराबाहेर असलेल्यांसाठी असतो. खिडक्या बंद, एअर कंडिशनर चालू, अशा झोपेत तो ऐकू येईलच असं नाही. घरात फोनचा इशारा चालू ठेवायचा आणि शक्य असलं तर बॅटरीवर चालणारा हवामानाचा रेडिओ उशाशी घ्यायचा. वीज गेली, टॉवर पडला, तरी तो ओरडतो.

हे सगळं मी रात्री फोनवर आईला सांगायला गेले तर आई रागावली. ‘बाळंतिणीच्या खोलीत वादळाचं नाव कशाला काढता? शुभ बोल नाऱ्या म्हटलं तर हे!’ आपल्या घरांत हे असंच असतं. वाईटाचं नाव घेतलं की वाईट दारात येतं. मला तेव्हा हसू आलं, पण पुढं कळलं की अमेरिकेचं सरकारही एके काळी माझ्या आईसारखंच होतं. १८८० च्या दशकात तिकडं हवामानाचं काम सैन्याच्या सिग्नल खात्याकडं होतं. जॉन फिन्ले नावाच्या अधिकाऱ्यानं टोर्नेडोचा माग काढून अंदाज वर्तवायला सुरुवात केली. वरिष्ठांनी विचार केला, की नुसत्या शब्दानं लोक घाबरतील आणि त्या घबराटीत टोर्नेडोहून जास्त नुकसान होईल. अंदाजात तो शब्दच वापरायचा नाही असं ठरलं. पुढं पन्नासएक वर्षं सरकारी अंदाजात ‘टोर्नेडो’ हा शब्द नव्हता. टोर्नेडो मात्र दर उन्हाळ्यात येतच होते.

मग १९४८ साली, २० मार्चला, ओक्लाहोमातल्या टिंकर विमानतळावर टोर्नेडोनं सैन्याची विमानं मोडून टाकली. फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांना कामाला लावलं. पाचच दिवसांनी, २५ मार्चला, त्यांना हवेत तीच लक्षणं दिसली. त्यांनी धीर करून ‘आज टोर्नेडो येईल’ असं सांगितलं आणि संध्याकाळी तो त्याच तळावर आला! त्यानंतर चार वर्षांनी, १९५२ पासून, सामान्य लोकांसाठी असे अंदाज निघू लागले.

फार्गोला त्याचा पडताळा १९५७ साली आला. २० जूनच्या संध्याकाळी शहराच्या उत्तर बाजूनं एक महाभयंकर टोर्नेडो गेला. गोल्डन रिज नावाची गरीब वस्ती त्यानं धुऊन नेली. दहा जण तरी दगावले, त्यांत लहान मुलं होती. इतक्या दाट वस्तीतून तो गेला, तरी पुष्कळ लोक आधीच तळघरात उतरले होते, कारण इथल्या दूरचित्रवाणीवरून वेळीच सूचना मिळाली होती. नंतर शिकागो विद्यापीठातले जपानी शास्त्रज्ञ फुजिता यांनी गावकऱ्यांनी काढलेले शेकड्यावर फोटो गोळा केले, ते मिनिटामिनिटाप्रमाणे लावले आणि टोर्नेडो ढगाच्या कोणत्या भागातून कसा उतरतो हे मांडलं. ढगाच्या तळाशी भिंतीसारखा जो भाग खाली येतो त्याला आज सगळं जग जे नाव देतं, ते त्यांनी फार्गोच्या त्या अभ्यासात दिलं. टोर्नेडोचा जोर मोजण्याची मोजपट्टीही पुढं १९७१ साली त्यांनीच केली.

बहिणीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. १९५७ साली त्या शाळकरी होत्या. त्यांनी बाळाला बघायला आल्या दिवशी पहिला प्रश्न विचारला, तो नावाचा नव्हे. ‘खाली जायची वाट पाहून ठेवली आहेस ना?’

आमची खाली जायची वेळ जुलैत आली. दिवस नारिंगी होता. बाळ तीन आठवड्यांचं, बहिणीचे टाके अजून दुखरे, घर दुसऱ्या मजल्यावर. तळघर म्हणजे कपडे धुण्याची यंत्रं ठेवलेली एक लांबट खोली. मी दुपारीच तिथं एक घडीची खुर्ची, पाण्याच्या बाटल्या, दुपटी आणि एक जाड गोधडी नेऊन ठेवली होती. बहीण चिडवत होती, ‘ताई, तू काय गणपतीची तयारी करते आहेस का?’ रात्री अकराच्या पुढं पश्चिमेला विजा इतक्या होऊ लागल्या की खोलीत दिवा लावायची गरज राहिली नाही. मग तिघांचे फोन एकदमच किंचाळले. बाळ मी घेतलं, बहिणीला मेहुण्यांनी धरलं. जिने उतरताना मी पायऱ्या मोजत होते, चौतीस.

खाली आधीच पंधरा-वीस माणसं होती. रात्रीच्या कपड्यांत, कुणाच्या हातात मांजर, कुणाच्या गळ्यात लॅपटॉपची पिशवी. आजी एका उलट्या बादलीवर शांत बसून विणकाम करत होत्या. एका विद्यार्थ्यानं सायकलचं हेल्मेट घातलं होतं आणि त्याला कुणी हसत नव्हतं. डोक्याला मार लागू नये म्हणून तो सल्लाच आहे. वर गारांचा आवाज सुरू झाला तेव्हा बाळ जागं झालं. मी गोधडी त्याच्यावर आणि बहिणीवर मिळून धरली. पस्तीस मिनिटांनी इशारा संपला. टोर्नेडो आला नाही. बोराएवढ्या, काही लिंबाएवढ्या गारा पडल्या होत्या आणि आवारातल्या चार मोटारींच्या काचा तडकल्या होत्या.

दहा दिवसांनी पुन्हा फोन किंचाळला. बहीण म्हणाली, ‘नको ताई, मागच्या वेळी तरी काय झालं? बाळ आत्ता झोपलंय.’ आता तिचं काय चुकलं, सांगा? टोर्नेडोच्या दर दहा इशाऱ्यांपैकी साधारण सात वेळा टोर्नेडो येतच नाही, हे तिकडचं हवामान खातंही मान्य करतं. ढगात फिरकी दिसली की इशारा द्यावा लागतो. ती जमिनीला टेकेल की नाही हे दहा मिनिटं आधी कुणालाच सांगता येत नाही. मी तिच्याशी वाद घातला नाही, बाळ उचललं आणि दाराशी गेले. आई आपोआप मागं आली. मला विचाराल तर सात वेळा उगाच उतरायचं हेच त्या घरभाड्याबरोबर येणारं काम आहे, जसं रोज झोपताना गॅसचा कॉक बघणं.

गारांबद्दल थोडं सांगायला हवं. नाशिककडच्या आम्हा बायकांना गारपीट नवी नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीनं द्राक्षबागांची काय दशा केली ती आम्ही पाहिली आहे. तरीही दक्षिण डकोटातल्या व्हिव्हियन गावची गोष्ट ऐकून मी थक्क झाले. २३ जुलै २०१० रोजी तिथं पडलेली एक गार आठ इंच व्यासाची आणि जवळजवळ ८८० ग्रॅम वजनाची होती. म्हणजे मोठ्या शहाळ्याच्या आकाराची! अमेरिकेतली ती आजवर मोजलेली सगळ्यांत मोठी. ज्या माणसाला ती सापडली त्यानं फ्रिजरमध्ये ठेवली, पण वादळानं वीज गेलेली, त्यामुळं मोजेपर्यंत ती थोडी वितळलीच. एवढं वजन ढगात तोलून धरायला खालून वर जाणारा वारा ताशी दीडशे किलोमीटरच्या पुढं लागतो.

हिरव्या आभाळाचंही ऐकलं असेल तुम्ही. ५ जुलै २०२२ ला दक्षिण डकोटातल्या सू फॉल्स शहरावर दुपारी आभाळ चक्क हिरवं झालं होतं. ते फोटो जगभर गेले. उतरत्या उन्हाचा तांबूस-पिवळा उजेड पाण्यानं आणि गारांनी गच्च भरलेल्या जाड ढगातून येताना असा हिरवट दिसतो. त्या दिवशीचं वादळ टोर्नेडोचं नव्हतं. सरळ रेषेत शेकडो किलोमीटर झोडपत जाणाऱ्या वाऱ्याचं होतं. त्याला तिकडे डेरेचो असं स्पॅनिश नाव आहे. टोर्नेडोची वाट अरुंद असते; याची जिल्हेच्या जिल्हे रुंद. झाडं, विजेचे खांब, धान्याची कोठारं, सगळं आडवं.

पण एक गोष्ट मला अजून टोचते. शहराच्या कडेला तयार घरांची एक वस्ती होती, चाकांवर आणून ठेवलेली, हलकी, तळघर नसलेली घरं. मोलमजुरी करणारी माणसं, म्हातारी माणसं, नुकती परदेशातून आलेली कुटुंबं तिथं राहतात. त्यांना सूचना तीच मिळते, तेवढीच दहा मिनिटं मिळतात. पण त्यांना सल्ला असतो, घर सोडा आणि पक्क्या इमारतीत जा. कुठं जायचं, रात्री बारा वाजता, पोरं घेऊन? अमेरिकेत टोर्नेडोत घरात असताना जी माणसं मरतात त्यांतली निम्म्याच्या आसपास अशा घरांतली असतात, आणि अशा घरांत राहणारे मात्र शंभरात पाच-सहाच. नॉर्मनच्या नकाशावर सगळे एकाच पिवळ्या रंगात दिसतात. त्या रंगाखाली कुणाला तळघर आहे आणि कुणाला नाही, हे तो नकाशा सांगत नाही.

मी परत आले त्याच्या पुढच्या वर्षी, २० जून २०२५ ला, तारीख बघा, १९५७ चीच, फार्गोच्या नैऋत्येला एंडरलिन या छोट्या गावाजवळ रात्री अकराच्या सुमाराला टोर्नेडो उतरला. तिघं गेली. त्यानं रेल्वेचे भरलेले डबे रुळांवरून पाडले आणि एक रिकामा टाकीचा डबा जवळजवळ दीडशे मीटर लांब भिरकावला. त्या डब्यांच्या हिशेबावरून शास्त्रज्ञांनी वाऱ्याचा वेग ताशी ३३५ किलोमीटरहून अधिक ठरवला आणि ऑक्टोबरात त्याला मोजपट्टीवरची सर्वांत वरची पाचवी पायरी दिली. ओक्लाहोमातल्या मूर गावच्या २०१३ च्या टोर्नेडोनंतर बारा वर्षांत एवढा जबर कुठं झाला नव्हता. बहिणीचा फोन आला तेव्हा आमच्याकडे दुपार होती. आई शेजारीच बसली होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि फोन हातात घेऊन एवढंच विचारलं, ‘आज कोणता रंग आहे गं?’

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणी मे ते ऑगस्टमध्ये तिकडे जाणार असाल, तर पहिल्याच आठवड्यात काही गोष्टी करून घ्या. आपण राहतो त्या जिल्ह्याचं नाव पाठ करा, कारण इशारा जिल्ह्याच्या नावानं येतो, शहराच्या नव्हे. तळघर नसेल तर सर्वांत खालच्या मजल्यावरची, मधली, खिडकी नसलेली जागा शोधून ठेवा; न्हाणीघर किंवा कपाटाची खोलीही चालते. खिडक्या उघडून ठेवल्या की घर फुटत नाही असं जुनी माणसं सांगतात, ते ऐकू नका. त्यात वेळ जातो आणि वारा आत शिरतो. मोटारीत असाल तर पुलाखाली थांबू नका, तिथं वारा अधिक जोरानं घुसतो. गडगडाट चालू असताना अंघोळ, भांडी सगळं बाजूला ठेवा, कारण वीज नळातूनही येते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास घराबाहेर पडू नका.

हा अर्ध्या तासाचा नियम आपल्याकडेही पाळायला हवा. आपल्या देशात दर वर्षी दोन हजारांच्या वर माणसं विजेनं मरतात. त्यांत शेतात काम करणारे किती तरी, आणि झाडाखाली आडोशाला उभे राहिलेले कित्येक. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅप केलं आहे. जवळपास वीज पडण्याचा संभव असला की ते सांगतं. आपल्या हवामान खात्याचेही हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग आहेत. तुमच्या घरी शेतावर जाणारं कुणी असेल तर त्याच्या फोनवर ते आजच घालून द्या.

आणि दाराशी ठेवायच्या पिशवीत काय काय हवं ते सांगायचं राहिलं. पासपोर्ट आणि महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात, चालू असलेली औषधं, विजेरी, पाणी, बाळाचं दूध आणि दोन कोरडी दुपटी. त्या पिशवीशेजारी प्रत्येकाचे जाड तळव्याचे बूट. स्लिपर किंवा अनवाणी पायांनी खाली उतरू नका. वादळानंतर वर येताना जिन्यात सगळीकडे काचा असतात.